समुद्राचा मुचलका

इसवी सन १६९५ चा पावसाळा सरत आला होता आणि औरंगजेब बादशहाची छावणी भीमेच्या काठी ब्रह्मपुरीला पडलेली होती. आजच्या मंगळवेढे तालुक्यातली, माचणूरजवळची ही जागा. छत्रपती राजाराम महाराज जिंजीत होते आणि संताजी-धनाजींच्या फौजांनी मोगलांना सळो की पळो करून सोडलं होतं. हा काळ मराठी वाचकाला पाठ आहे. तो आपण वेढे आणि किल्ल्यांच्या नावांनी ओळखतो. त्या छावणीत सुरतेहून जी बातमी आली तिचा मात्र एकाही किल्ल्याशी संबंध नव्हता. हाजींना घेऊन तांबड्या समुद्राकाठच्या मोख्याहून सुरतेला परतणारं बादशहाचं स्वतःचं जहाज, गंज-इ-सवाई, इंग्रज चाच्यांनी भर समुद्रात लुटलं होतं.

त्या बातमीतून पुढच्या चार वर्षांत जे घडलं ते मला दख्खनच्या इतिहासातलं एक दुर्लक्षित प्रकरण वाटतं. समुद्रापासून दूर बसलेल्या एका जमिनीवरच्या सत्तेनं इंग्रज, डच आणि फ्रेंच या तिघांना हिंदी महासागराची राखण वाटून घ्यायला लावली. तांबड्या समुद्रापासून दक्षिणेकडच्या समुद्रापर्यंत कोणी कुठे गस्त घालायची, लूट झाली तर भरपाई कोणी द्यायची, हे सुरतेत कागदावर आलं. समुद्री सुरक्षेसाठी दूरदूरच्या सत्तांनी एकत्र येण्याची चर्चा आज होते, तेव्हा हा कागद कोणाला आठवत नाही.

त्या वेळी बादशहाची दख्खनमधली राजधानी म्हणजे औरंगाबाद, आजचं छत्रपती संभाजीनगर. तिथून मुंबईचा समुद्र रस्त्याने तीनशेहून अधिक किलोमीटर. तरीही या शहराची नाळ समुद्राशी पहिल्यापासून जोडलेली आहे. १६१० मध्ये ज्यानं खडकी वसवली तो मलिक अंबर हबशी होता. इथिओपियात जन्मलेला, मोखा आणि बगदादच्या बाजारांत गुलाम म्हणून विकला गेलेला आणि समुद्र ओलांडून निजामशाहीत आलेला. त्याची कबर खुलताबादला आहे. त्याच गावात पुढे औरंगजेबाचीही कबर झाली. सुरतेहून गोवळकोंड्याला जाणारा रस्ता नवापूरवरून दौलताबाद-औरंगाबादेत येई. तावेर्निए आणि थेवेनो या दोघा फ्रेंच प्रवाशांनी या वाटेची वर्णनं लिहून ठेवली आहेत. दख्खनचं कापड याच वाटेनं बंदराकडे उतरे आणि हजला निघालेली माणसंही.

आणखी मागे जायचं तर जिल्ह्यातल्या पैठणचं नाव पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक नाविकग्रंथात आहे. पैठणहून बैलगाड्यांनी भडोचला माल जात असे. त्याच ग्रंथात कल्याण बंदराची हकीकत आहे: तिथे चुकून आलेली ग्रीक जहाजं पहाऱ्यात भडोचला नेली जात. सातवाहन आणि क्षत्रप यांच्या झगड्यात एक बंदर बंद पडलं होतं आणि त्याची झळ थेट इजिप्तहून येणाऱ्या तांड्यांना बसत होती. समुद्रावर कोणाचा हुकूम चालतो हा प्रश्न या मुलखाला इतका जुना आहे.

शहराला आज ज्या छत्रपतींचं नाव आहे त्यांनीही तो प्रश्न अंगावर घेतला होता. १६८२ च्या सुरुवातीला संभाजी महाराज जंजिऱ्याला भिडले. किल्ल्यावर तोफा चालल्याच, शिवाय किनाऱ्यापासून बेटापर्यंत दगडांचा सेतू बांधायचं काम काढलं गेलं. त्याच सुमारास मोगल फौज कोकणात उतरली, महाराजांना रायगडाकडे वळावं लागलं आणि सेतू अर्धा राहिला. मार्च १६८२ मध्ये औरंगजेब औरंगाबादेत येऊन पोचला. जंजिऱ्याचा सिद्दी हा मोगलांचा दर्यावर्दी सरदार होता आणि बादशहाला या किनाऱ्यावर स्वतःचं असं जे काही आरमार होतं ते हेच. किनाऱ्यालगत, खाड्यांच्या तोंडाशी सिद्दीची गलबतं जबरदस्त होती. पण खोल समुद्रात, एडनच्या बाजूला, तोफांनी भरलेल्या युरोपी जहाजाशी दोन हात करणं हा त्यांचा पिंड नव्हता.

खोल समुद्राचा कायदा मोगलांच्या आधीच दुसऱ्यांनी लिहिला होता. सोळाव्या शतकापासून पोर्तुगीज कार्ताझ देत. हा परवाना घेतल्याशिवाय अरबी समुद्रात निघालेलं जहाज ते पकडत, मग ते बादशहाच्या घरचं का असेना. १६१३ मध्ये त्यांनी जहांगिराच्या आईचं, मरियम-उझ-जमानीचं 'रहीमी' हे प्रचंड जहाज पकडून नेलं. जहांगिराकडे आरमार नव्हतं, पण जमीन होती. त्यानं पोर्तुगिजांचा व्यापार बंद पाडला आणि दमणला वेढा घातला. समुद्रात झालेल्या गुन्ह्याची वसुली जमिनीवर करायची ही मोगली रीत तिथे पक्की झाली. १६८८ ते ९० च्या दरम्यान इंग्रजांनी मोगली जहाजं धरण्याचा उद्योग केला तेव्हा औरंगजेबानंही तेच केलं. सिद्दी याकूतखान मुंबईत उतरला, माझगाव-माहीमपर्यंत पसरला आणि इंग्रज किल्ल्यात कोंडले गेले. शेवटी इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीच्या वकिलांना दरबारात येऊन माफी मागावी लागली आणि दीड लाख रुपये दंड भरावा लागला.

या माफीला पाच वर्षं झाली असतील नसतील, तोच हेन्री एव्हरी हिंदी महासागरात आला. १६९४ मध्ये स्पेनच्या ला कोरुन्या बंदरात एका इंग्रज जहाजावरच्या खलाशांनी, पगार थकल्याच्या रागातून, बंड केलं. जहाज पळवलं, त्याचं नाव 'फॅन्सी' ठेवलं आणि एव्हरीला म्होरक्या केलं. जहाजावर ४६ तोफा होत्या. मादागास्करला वळसा घालून एव्हरी बाब-अल-मंदेबच्या तोंडाशी आला तेव्हा तिथे अमेरिकेतल्या इंग्रज वसाहतींतून आलेली आणखी काही चाच्यांची जहाजं दबा धरून होती. ऱ्होड आयलंडचा थॉमस ट्यू त्यांतलाच. अटलांटिकच्या पलीकडच्या एका चिमुकल्या वसाहतीतली माणसं सुरतेच्या हाजींची वाट बघत तांबड्या समुद्राच्या तोंडाशी बसली होती. या लुटीचा माल विकत घेणारे सावकार न्यूयॉर्कमध्ये होते आणि त्यांच्याकडे काणाडोळा करणारे गव्हर्नरही.

पहिला घाव सुरतेचा बडा व्यापारी अब्दुल गफूर याच्या 'फतेह महंमद'वर बसला. त्या झुंजीत ट्यू मारला गेला, पण जहाज चाच्यांच्या हाती लागलं. मग सप्टेंबरात त्यांनी गंज-इ-सवाई गाठलं.

सुरतेच्या बंदरात याच्याहून मोठं जहाज नव्हतं. इतिहासकार खाफीखान सांगतो की त्यावर ८० तोफा आणि ४०० बंदुका होत्या. मोखा आणि जेद्द्यात हिंदुस्थानी माल विकून आलेलं ५२ लाख रुपयांचं सोनं-चांदी होतं. त्याखेरीज शेकडो हाजी, बायका आणि मुलं. सामना सुरू झाला आणि मोगली जहाजावरचीच एक तोफ फुटली. जवळपासची माणसं जागीच गेली. त्याच वेळी समोरच्या गोळ्यानं मधली डोलकाठी मोडून पडली. डोलकाठी पडली की शीड जातं आणि शीड गेलं की एवढं थोरलं जहाज जागच्या जागी अडकून पडतं. चाचे दोरांनी वर चढले. जहाजाचा कप्तान इब्राहीमखान तळघरात पळाला आणि मोख्यात विकत घेतलेल्या तुर्की मुलींच्या डोक्याला पागोटी बांधून त्यानं त्यांना लढायला वर पाठवलं, असं खाफीखान लिहितो. तो त्याला क्षमा करत नाही आणि करू नयेच.

त्यानंतर आठवडाभर जे चाललं त्याला लूट म्हणणं अपुरं आहे. पैसा कुठे दडवला हे वदवून घेण्यासाठी पुरुषांचे हाल झाले. बायकांवर अत्याचार झाले. काहींनी समुद्रात उड्या टाकल्या, काहींनी खंजिरानं स्वतःला संपवलं. मक्केहून घरी परतणारी ही माणसं. इंग्रजी कथा-नाटकांनी एव्हरीला 'चाच्यांचा राजा' म्हणून मिरवलं. त्याच्या खजिन्याच्या आणि बेटावरच्या राज्याच्या दंतकथा दोनशे वर्षं चालल्या. त्या जहाजावरच्या एकाही बाईचं नाव आपल्याला ठाऊक नाही. हे प्रकरण पुन्हा सांगायचं ते म्हणूनही.

लुटलेलं जहाज सुरतेला लागलं तेव्हा शहर पेटून उठलं. फतेह महंमदच्या लोकांनी गुन्हेगार इंग्रज असल्याचं आधीच सांगितलं होतं. जमाव इंग्रजांच्या वखारीवर चालून गेला. सुरतेचा मुत्सद्दी, म्हणजे बंदराचा मोगल अधिकारी, इतिमादखान यानं वखारीभोवती शिपाई उभे केले आणि वखारीचा प्रमुख सॅम्युएल अ‍ॅन्स्ले याच्यासह सगळ्या इंग्रजांना बेड्या ठोकून कैदेत टाकलं. त्यात त्यांना जमावापासून वाचवणंही होतं आणि ओलीस धरणंही. दरबारातून हुकूम सुटले: इंग्रजांचा व्यापार बंद, सिद्दी याकूतखानानं मुंबईवर जायची तयारी करावी.

मुंबईवर स्वारी मात्र झाली नाही. इतिमादखानासारख्या माणसांना हिशेब कळत होता. इंग्रजांशी उघड युद्ध म्हणजे सुरतेच्या जकातीचं नुकसान, आणि तेवढं करूनही एव्हरी सापडणार नव्हताच.

याच दिवसांत खाफीखान स्वतः मुंबईला गेला होता. राहिरीचा, म्हणजे आपल्या रायगडाचा, मोगल फौजदार अब्दुर्रझाक लारी याच्यासाठी त्यानं सुरतेत सुमारे दोन लाखांचा माल घेतला होता आणि तो किनाऱ्याकिनाऱ्यानं न्यायचा होता. लारीशी इंग्रजांचे संबंध बरे होते, त्यामुळे मुंबईत खाफीखानाला बोलावणं आलं. त्यानं ते दृश्य बारकाईनं टिपलं आहे: दरवाजापासून आतपर्यंत दुतर्फा उभे केलेले बंदुकधारी, त्यांचे भारी कपडे, हा सगळा थाट पाहुण्यावर छाप पाडण्यासाठी. मग सरळ प्रश्न आला, आमच्या माणसांना सुरतेत का कोंडलंत? खाफीखानानं उत्तर दिलं की बादशाही जहाज तुमच्या लोकांनी लुटलं म्हणून. इंग्रज म्हणाले, हे आमचेच कशावरून? त्यानं सांगितलं की त्या जहाजावर माझ्या ओळखीची माणसं होती, ती स्वतः सांगतात. तेव्हा त्यांनी आडवळणानं कबूल केलं की ती माणसं आपल्याच देशाची आहेत, पण आपल्या ताब्यातली नाहीत. मुंबई बेटाचं उत्पन्न मुख्यतः सुपारी आणि नारळाचं, ते दोन-तीन लाखांच्या वर नाही, उरलेला खर्च हे लोक हाजींची जहाजं लुटून भागवतात, असा शेरा त्यानं मारला आहे. कंपनीच्या बाबतीत तो शेरा पुरता खरा नव्हता, कारण एव्हरी तिचाही शत्रू होता. पण सुरतेच्या रस्त्यावरच्या माणसाला कंपनीचा इंग्रज आणि चाचा इंग्रज यांत फरक का दिसावा? दोघांची भाषा एक, निशाण एक आणि तोफाही एकाच कारखान्यातल्या. आपल्या झेंड्याखाली फिरणाऱ्याची जबाबदारी आपली, हा खाफीखानाचा आग्रह मला आजही रास्त वाटतो.

अ‍ॅन्स्लेनं कैदेतून जो युक्तिवाद चालवला तो व्यापाऱ्याचा होता. जगातल्या सगळ्या चोरांचा जामीन कंपनी कशी राहील? त्यापेक्षा आमची सशस्त्र जहाजं हाजींच्या तांड्याबरोबर देतो. हा तोडगा दरबारात रुजायला बरेच महिने लागले. जून १६९६ मध्ये इंग्रज सुटले, ते तांड्याला सोबत देण्याच्या कबुलीवर.

तिकडे लंडनमध्ये धावपळ उडाली. सुरत हातची गेली तर कंपनी बुडेल, हे तिथल्या सरकारला उमगलं होतं. एव्हरीला पकडणाऱ्यास ५०० पौंडांचं इनाम जाहीर झालं, कंपनीनं तेवढीच भर घातली. एव्हरी बहामा बेटांवर पोचला, तिथल्या गव्हर्नरला पैसे चारले आणि पुढे कुठे गडप झाला ते कोणाला कळलं नाही. त्याचे काही साथीदार हाती लागले. ऑक्टोबर १६९६ मध्ये ओल्ड बेली न्यायालयात त्यांच्यापैकी सहा जणांवर गंज-इ-सवाईच्या लुटीचा खटला चालला आणि पंचांनी त्यांना निर्दोष सोडलं. लुबाडले गेलेले परमुलखातले, परधर्मातले; लंडनच्या पंचांना त्यात गुन्हा दिसला नाही. सरकारची धांदल उडाली. घाईघाईनं दुसरा खटला उभा राहिला, तो ला कोरुन्याला इंग्रजी जहाज पळवल्याचा, आणि त्यात मात्र ते दोषी ठरले. नोव्हेंबरात टेम्स नदीकाठच्या वधस्थानी पाच जणांना फाशी झाली. हाजींच्या यातनांबद्दल इंग्रजी न्यायालयात कोणालाही शिक्षा झाली नाही, ती झाली जहाजाच्या चोरीची.

तरीही भीमेकाठच्या छावणीचा रोष अटलांटिकपार पोचला. वसाहतींमध्ये नौकानयनविषयक न्यायालयं आली, चाच्यांवर परमुलखातही खटला चालवता येईल असा कायदा झाला, आणि चाच्यांना आसरा देण्यासाठी बदनाम झालेला न्यूयॉर्कचा गव्हर्नर फ्लेचर याला पदावरून जावं लागलं. पकडलेल्या चाच्याला कुठे न्यायचं हा पेच पुढेही सुटलेला नव्हता. मार्च २०२४ मध्ये सोमालियाजवळच्या समुद्रात भारतीय नौदलानं 'रुएन' हे माल्टाच्या झेंड्याचं, बल्गेरियन मालकीचं जहाज सोडवलं, १७ खलाशी वाचवले आणि ३५ चाच्यांना मुंबईत आणलं. त्यांना मुंबई पोलिसांच्या हवाली करता आलं ते २०२२ च्या सागरी चाचेगिरीविरोधी कायद्यामुळे. त्याआधीची कित्येक वर्षं आपल्याकडे असा स्वतंत्र कायदाच नव्हता.

सोबतीची जहाजं कामाला आली का? एकदा तरी नक्की आली. ऑगस्ट १६९७ मध्ये मोख्याचा तांडा बाब-अल-मंदेबमधून बाहेर पडत होता. राखणीला इंग्रज कंपनीचं 'सेप्टर' आणि डचांची जहाजं होती. 'सेप्टर'चा कप्तान वारल्यामुळे सूत्रं एडवर्ड बार्लोच्या हाती आलेली. तरुणपणापासून समुद्रावर असलेल्या या माणसानं स्वतःची सचित्र रोजनिशी ठेवली आहे. पहाटे त्याला तांड्यात एक अनोळखी जहाज घुसलेलं दिसलं, झेंडा न लावलेलं. ते विल्यम किडचं 'अ‍ॅडव्हेंचर गॅली' होतं. चाच्यांना पकडण्याची इंग्रजी राजाची सनद घेऊन आलेला हा गृहस्थ आता स्वतःच सावज शोधत होता. वारा पडला होता. बार्लोनं होड्या सोडून आपलं जहाज ओढत पुढे नेलं, झेंडा चढवला, तोफा डागल्या. किडनं काढता पाय घेतला आणि तांडा वाचला.

पण किड कुठे गेला नाही. जानेवारी १६९८ मध्ये त्यानं मलबार किनाऱ्याजवळ 'क्वेदा मर्चंट' पकडलं. आर्मेनियन व्यापाऱ्यांचं हे जहाज बंगालहून सुरतेला रेशीम, मलमल आणि साखर घेऊन चाललं होतं. कप्तान इंग्रज, परवाना फ्रेंच आणि मालात दरबारातल्या मुख्लिसखान या उमरावाची गुंतवणूक. एका जहाजात किती देश भरलेले असत ते बघा. फ्रेंच परवाना दिसताच किडनं हे शत्रूचं जहाज आहे, आपण लुटलं ते कायदेशीर, असा कांगावा केला. लंडनला त्याचा उपयोग झाला नाही. १७०१ मध्ये त्याला फासावर चढवलं गेलं. मुख्लिसखान मात्र छावणीत बादशहाजवळ होता, आणि या वेळी नुसत्या सोबतीच्या वचनावर भागणार नव्हतं. त्याच वर्षी सुरतेच्या आणखी एका व्यापाऱ्याचं जहाज लुटलं गेलं. अब्दुल गफूर आणि इतर सावकारांनी सुरतेत रान उठवलं: टोपीकरांनी, म्हणजे युरोपीयांनी, एक तर समुद्र राखावा, नाहीतर भरपाई द्यावी.

१६९८-९९ च्या हिवाळ्यात तो मुचलका झाला. डचांनी तांबड्या समुद्राची वाट, म्हणजे मोखा-जेद्द्याचा हाजींचा मार्ग राखायचा. फ्रेंचांनी इराणच्या आखाताकडची बाजू बघायची. इंग्रजांच्या वाट्याला दक्षिणेकडचा समुद्र. शिवाय इंग्रजांनी ३०,००० रुपये भरायचे. यापुढे चाच्यांनी जहाज लुटलं तर तिघांकडून वसुली.

त्या काळात युरोपात इंग्रज आणि डच एका बाजूला, फ्रेंच दुसऱ्या बाजूला असं नऊ वर्षांचं युद्ध नुकतंच आटोपलं होतं. तिकडे एकमेकांची जहाजं बुडवणाऱ्या तीन कंपन्या इकडे एका कागदाखाली सह्या करतात, हे घडवून आणलं ते खोल समुद्रात आरमार नसलेल्या सत्तेनं. तिच्या हाती सुरतेचं बंदर होतं, दख्खनची आणि गुजरातची कापडाची बाजारपेठ होती आणि वखारींचे दरवाजे बंद करण्याची ताकद होती. समुद्रावर ज्याचं काही चालत नाही तो जमिनीच्या बळावर समुद्राचे नियम ठरवू शकतो, हे या एका कागदानं दाखवलं.

त्याचबरोबर या कागदात एक मोठी चूक होती असं माझं स्पष्ट मत आहे. पैसा होता, कारागीर होते, सुरतेच्या गोद्यांमध्ये उत्तम जहाजं बांधली जात होती. तरी बादशहानं स्वतःचं खोल समुद्रातलं आरमार उभं केलं नाही. सगळा खजिना सह्याद्रीतल्या वेढ्यांमध्ये ओतला जात होता आणि समुद्राची गस्त परक्यांच्या हाती दिली गेली. गस्त घालणारा एक दिवस झडती घेऊ लागतो, आणि मग चाचा कोण तेही तोच ठरवतो.

कागदाची अडचण लगेच दिसू लागली. इंग्रजांच्याच दोन कंपन्या झाल्या होत्या, जुनी आणि नवी, आणि सुरतेत त्या एकमेकींना चाचे म्हणत होत्या. नव्या कंपनीच्या सर निकोलस वेटनं तर समुद्र साफ ठेवण्याची हमी देऊन टाकली, आणि ती निस्तरायची वेळ आली इंग्लंडच्या राजाचा वकील सर विल्यम नॉरिस याच्यावर. एप्रिल १७०१ मध्ये तो बादशहाला भेटला ते पन्हाळ्याच्या पायथ्याशी. गडाला वेढा पडलेला, आणि नजराण्याच्या पितळी तोफा गाड्यांवर लादून वाजतगाजत निघालेली नॉरिसची मिरवणूक. बादशहाचं वय तेव्हा ऐंशीच्या पुढे. व्यापाराची फर्मानं हवीत? मग समुद्रावरच्या चाच्यांचा बंदोबस्त करण्याचं लिहून द्या. नॉरिसनं पैसे देऊ केले, पण हमी दिली नाही. सगळ्या समुद्राची जबाबदारी आपला राजा घेऊ शकत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. महिनोन् महिने बोलणी रखडली. अखेर तो परवानगीशिवाय निघाला, वाटेत बऱ्हाणपुरास अडवला गेला, सुरतेहून जहाजावर चढला आणि १७०२ मध्ये परतीच्या वाटेवर समुद्रातच वारला. दरम्यान मुंबईचा गव्हर्नर सर जॉन गेयर सुरतेत कैदेत पडला होता आणि दाऊदखान पन्नी मद्रासला वेढा घालून बसला होता. डचांनी तर पुढच्या काही वर्षांत सुरतेचीच नाकेबंदी केली. कागद नावापुरता उरला.

याच दख्खनमध्ये, याच वर्षांत, दुसरं उत्तर तयार होत होतं. राजाराम महाराज जिंजीत असताना मागे स्वराज्य सांभाळणाऱ्या रामचंद्रपंत अमात्यांनी पुढे आज्ञापत्र लिहिलं. आरमार हे राज्याचं स्वतंत्र अंग आहे, असं ते ठणकावून सांगतात. टोपीकर हे नुसते सावकार नव्हेत, त्यांना किनाऱ्याला जागा देऊ नये, हा त्यांचा इशारा आहे. आणि मला सर्वांत मोलाचं वाटतं ते आरमारानं वागावं कसं याचं त्यांचं विवेचन. सावकारांना कौल देऊन सांभाळावं. लांबच्या मुलखातलं परवाना नसलेलं जहाज आलं तर त्यावर एकदम तुटून पडू नये; त्याला दिलासा द्यावा, बंदरात आणावं, रीतसर जकात घ्यावी आणि जाऊ द्यावं. जहाजांसाठी लाकूड हवं म्हणून रयतेचे आंबे-फणस तोडू नयेत. परक्या खलाशाची चिंता आणि कोकणच्या शेतकऱ्याच्या झाडाची चिंता एकाच प्रकरणात करणारा हा कारभारी, त्या काळच्या समुद्रविषयक लिखाणात मला दुसरा दिसत नाही.

त्या विचाराला हात मिळाले ते कान्होजी आंग्र्यांचे. सतराव्या शतकाच्या अखेरीस सरखेल झालेल्या कान्होजींनी कुलाब्याहून दस्तक द्यायला सुरुवात केली. आपल्या किनाऱ्यावरून जायचं तर आपला परवाना घ्या. पोर्तुगीज दोनशे वर्षं जे करत होते तेच. पण मराठी सत्तेनं नेमलेल्या सरखेलानं ते केलं म्हणताच मुंबईच्या इंग्रजांनी कागदोपत्री त्यांना चाचा ठरवलं. एव्हरी-किडसाठी घडलेला शब्द, कायदा आणि गस्त, तिन्ही कान्होजींकडे वळली. १७२१ मध्ये मादागास्करच्या चाच्यांचा निकाल लावण्यासाठी इंग्लंडहून आलेला कमोडोर मॅथ्यूजचा ताफा मुंबईत पोचला आणि पोर्तुगीज व्हाइसरॉयशी हातमिळवणी करून कुलाब्यावर चालून गेला. दोन दूरदेशीच्या सत्तांची ही एकत्र मोहीम अलिबागच्या वाळूत फसली. छत्रपती शाहू महाराजांच्या फौजा घेऊन बाजीराव पेशवे आले, पहिल्या हल्ल्यातच दोघा मित्रांचं बिनसलं, आणि जानेवारी १७२२ मध्ये पोर्तुगिजांनी इंग्रजांना बाजूला ठेवून मराठ्यांशी वेगळा तह केला.